जावयासाठी केलेला गेम

माझ्या बापानं एक व्हिडिओ गेम केला. का केला, तर जावयाला एक वाक्य सांगायची लाज वाटत होती म्हणून. ते वाक्य सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं, गेम करायला सगळा उन्हाळा गेला. मला अजून राग आहे, तेव्हा जसं येईल तसं लिहिते. घरातल्या कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे.

बाप म्हणजे नाना. नाव कृष्णात, पण माधवनगरात त्यांना सगळे हवालदार म्हणतात. मूळचे म्हसवडचे. मिल्ट्रीत सिग्नलमध्ये होते. इकडून आलेला संदेश तिकडं पोचवायचा, एक अक्षर इकडंतिकडं होऊ द्यायचं नाही, हेच काम आयुष्यभर. पलटणीत कॉम्प्युटर आले तेव्हा नानांना जबलपूरला कोर्सला पाठवलं आणि नाना त्या मशीनच्या प्रेमातच पडले. रिटायर झाल्यावर बाकीचे लोक वॉचमन होतात नाहीतर डेअरीत चिकटतात. नानांनी माधवनगरात मिलच्या चाळीसमोर गाळा घेतला, तीन टीव्ही लावले, त्याला कॅसेटवाले गेम जोडले आणि मागं पडदा टाकून एक जुना कॉम्प्युटर ठेवला. त्यावर स्वतः प्रोग्राम लिहून स्वतःचे गेम करायचे. माकड नारळ गोळा करतंय, ट्रॅक्टर उसाच्या फडातून चाललाय, असले. चाळीतली पोरं वेडी व्हायची. चपला बाहेर एका रेषेत लावायच्या, आत शिवी दिली की दहा बैठका, असा कायदा. पोरं बैठका मारून परत गेमला बसायची.

आवाज असा की पलीकडच्या गिरणीत ऐकू जावा. पण हाच माणूस जावयासमोर बसत नाही. उभा राहतो. आमच्यात जावयाशी कामाचं काही बोलतच नाहीत. ‘कवा आला, पाणी घ्या, तिकडं पाऊस हाय का’, संपलं. जावई म्हणजे देव्हाऱ्यातला देव, आणि देवाला कोण सांगणार की बाबा, तुझं चुकतंय.

जावई म्हणजे माझ्या आत्याच्या पोरीचा नवरा. पोरगी क्रांती. आत्या म्हसवडला असते, क्रांतीला दिली बुधगावच्या पुढं एका गावात. बागायती उसाचं घर, पोरगा मिल्ट्रीत, आत्याला आणखी काय पाहिजे. लग्नात क्रांतीला सोळावं चालू होतं, सगळ्यांना अठरा म्हणून सांगितलं. दहावीचं पुस्तक मांडवात घेऊन बसली होती, एवढी बारकी. वर्षाच्या आत दिवस गेले. बाळंतपणाला म्हसवडला आली आणि भर दुपारी रक्त जायला लागलं ते थांबेना. जीपमध्ये घालून साताऱ्याला नेली. नाना नि मी तेव्हा सिद्धनाथाच्या जत्रेला म्हणून म्हसवडातच होतो, आम्ही पण जीपमध्ये. माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं. दहिवडीच्या पुढं ती मला म्हणाली, “माले, मला थंडी वाजती.” उन्हात जीपचा पत्रा भाजत होता.

बाळ गेलं. क्रांती वाचली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी विचारलं, घरातलं मोठं माणूस कोण. आत्याचे मालक झाडाखाली डोकं धरून बसलेले, तेव्हा नाना पुढं झाले. बाईंनी सरळ सांगितलं, की तीन वर्षं हिला दिवस जाता कामा नयेत, गेले तर मी हमी देत नाही. आणि म्हणाल्या, “हे तिच्या नवऱ्याला तुम्ही सांगा. निरोध वापरायला सांगा, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. लाजू नका.” नानांनी “जी” म्हणलं, टाच जुळवून. मी शेजारी उभी होते, मी ऐकलंय.

नवरा तेव्हा जम्मूला. नानांनी तार केली. बाळ गेलं, क्रांती ठीक. एवढीच. सगळी नोकरी संदेश पोचवण्यात घालवलेल्या माणसानं ही तार केली.

मग अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात कळलं की जावई दोन महिन्यांच्या सुट्टीवर येतायत. सासूनं, म्हणजे साळूबाईंनी, आधीच गावभर सांगून ठेवलेलं की या सुट्टीत पाळणा हलला पाहिजे. मी नानांना म्हणलं, आता सांगा. नाना म्हणले, “सांगतो की.” आईला म्हणलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, “बाप्यांनी बाप्यांना सांगायचं असतंय. आपण मधी पडायचं न्हाई.”

“आणि बाप्या सांगंना झाला तर?”

“मग सिद्धनाथ हाय.”

सिद्धनाथ जीपमध्ये नव्हता, मी होते. पण हे आईला म्हणलं असतं तर उलथनंच आलं असतं.

आणि नाना दुपारभर पडद्यामागं बसायला लागले. एक दिवस मला बोलावून म्हणले, “माले, बघ. जावईबापूंना गेमचा नाद हाय, मागल्या सुट्टीत रोज यायचे. हे खेळले की आपसूक कळंल.”

गेम असा होता. एसटीतून ट्रंक घेऊन एक जवान उतरतो. वरून पाळणे पडत असतात. जवानानं छत्री धरायची, पाळणा छत्रीवर आपटून फुटतो, जवान पुढं चालतो. छत्री म्हणजे काय ते कळलंच असेल. सुट्टी संपेपर्यंत एकही पाळणा घरावर पडू दिला नाही की जिंकला. आणि पडला तर? मी विचारलं. तर नानांनी दाखवलं. घराचं दार उघडतं, सनई वाजते आणि पेढे वाटतात. मग खाली अक्षरं येतात, खेळ संपला. मुलगी झाली तर जिलेबी.

“नाना, पेढे कशाला?”

“मग काय दाखवू? पाळणा आला की पेढेच वाटत्यात न्हवं.”

बरोबर आहे. दुसरं काय वाटतात आमच्यात. जिलेबी बघून तर मला तिथंच काहीतरी फोडावंसं वाटलं.

आधी चाळीतल्या पोरांवर ट्रायल घेतली. ही पोरं सोळा-सतरा वर्षांची, मिशा फुटलेली, दोघांची लग्नं ठरलेली. नानांना वाटलं, चला, यांना पण चार गोष्टी कळतील. तासाभरात काय झालं, तर सगळी पोरं छत्री टाकून पाळण्याखाली पळायला लागली.

“सोड रं छत्री, सोड. पेढं घे, पेढं.”

“जिलेबी आली लेका. हरला गुंड्या. घरी जा आता तोंड लपवून.”

नाना पाठीमागून ओरडतायत, “अरं छत्री धरायची रं. जवानानं छत्री सोडायची न्हाई.”

गुंडा म्हणजे त्यांच्यातला म्होरक्या, तो वळून म्हणला, “हवालदार, छत्री धरली की कायच मिळंना की वो. निस्ता चालतोय चालतोय. पेढ्याला सनई तर वाजती.”

मी म्हणलं, नाना, तुमचा गेम उलटा चाललाय. नाना म्हणले, ही पोरं येडी हायत, जावईबापू शहाणे हायत.

जावईबापू आले. वीरधवल नाव, मी दाजी म्हणते. माणूस वाईट नाही, हे पण लिहिते, नाहीतर लोकांना वाटेल मी एकाच बाजूचं सांगते. उंच, लाजरा, बोलताना आपल्या हातांकडं बघणारा. राजदूत मोटरसायकल बाहेर लावली, चपला पोरांच्या रेषेतच लावल्या. नानांनी पडदा बाजूला केला, गेम लावून दिला आणि उभे राहिले. दाजींनी पहिल्यांदा छत्री धरली. मग चुकून एक पाळणा पडला, सनई वाजली, पेढे आले. दाजी हसले. मग त्यांनी छत्री खाली ठेवली ती परत उचललीच नाही. पेढ्यावर पेढे. मागं पोरं टाळ्या वाजवतायत. जाताना दाजी नानांच्या पाया पडले.

दुसऱ्या दिवशी सांगलीतनं पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर. खरे पेढे.

“मामा, तुमच्या मनातलं वळखलं. आईबी तेच म्हणतीया. सिद्धनाथाच्या मनात आसंल तर पुढल्या साली.”

“कशाला, कशाला,” नाना म्हणले. आणि पेढा घेतला आणि खाल्ला. डॉक्टरीणबाईंना जी म्हणलेलं तोंड, त्या तोंडात पेढा घातला.

दाजींची राजदूत कोपऱ्यावरून वळल्याबरोबर मी नानांना जे बोलले ते सगळं लिहीत नाही. पोरांना बैठका मारायला लावणारं बोलणं होतं. मी म्हणलं, तुमच्या गेममध्ये क्रांती कुठाय? जवान आहे, ट्रंक आहे, एसटी आहे, सनईवाला आहे. जिच्यावर पाळणा पडतो ती कुठाय? नाना म्हणले, “ती घरात आसती.”

“मग दार उघडा घराचं.”

तीन दिवस नाना जेवायला पण नीट आले नाहीत. नवा गेम झाला. त्यात जवान कोपऱ्यात उभा, आपला आपण हलतो, त्याच्यावर खेळणाऱ्याचा ताबा नाही. खेळायचं बाईला घेऊन. डोक्यावर हंडा, समोर विहीर, चूल, उसाचा फड. वर तांबडी रेघ, ते तिच्यातलं रक्त. एकेका कामाला रेघ जरा कमी होते, जेवली की जरा वाढते. आणि वरून पाळणे. पाळणा पडला की रेघ अर्धी. दुसरा पडला की बाई खाली बसते आणि उठत नाही. पेढे नाहीत, सनई नाही. छत्री आहे, पण ती कोपऱ्यातल्या जवानाच्या हातात. त्याच्या मनात आलं तर तो देणार.

मी खेळले, दोनदा मेले. नानांना म्हणलं, आता बरोबर आहे.

दाजी आले, खेळायला बसले. बाई मेली. परत खेळले, मेली. पोरं मागं दात काढतायत, “दाजींची बायको गेली रं.” गुंडा म्हणला, “दाजी, पाणी आणायला जाऊच नका, घरातच बसवा तिला.” दाजींनी तसं केलं तर सासू आली आणि हंडा डोक्यावर देऊन गेली. ते पण नानांनी घातलं होतं. चौथ्या वेळी दाजींचा हात थांबला.

“मामा, ही मरतीच की वो. हा बाप्या छत्री का देत न्हाई हिला?”

मी बाजूला सारलेल्या पडद्याआड उभी होते.

दाजींनी मान वळवली. “मामा. हे माझ्यासाठी केलंय काय?”

माणसानं आख्खा उन्हाळा ज्या प्रश्नासाठी घालवला तो प्रश्न समोरून आला. नुसतं व्हय म्हणायचं. आणि नाना म्हणले, “न्हाई न्हाई, जावईबापू. पोरांसाठी केलाय. चाळीतली पोरं हायत न्हवं, त्यांच्यासाठी.”

मी पडदा ओढला तो दांडीसकट खाली आला. म्हणलं, “तुमच्यासाठीच केलाय, दाजी. डॉक्टरांनी सांगितलंय, क्रांतीला तीन वर्षं दिवस जाता कामा नयेत. निरोध वापरायला सांगितलाय. हे नानांना सांगितलं होतं, तुम्हाला सांगायला. कळलं?”

पोरं चपला न घालताच पळाली. दाजींचा चेहरा लाल झाला. माझ्याकडं बघितलं पण नाही, नानांना म्हणले, “मामा, तुमी पलटणीतलं हाय. लेक्चर तुमीबी ऐकल्यात. ती चीज कुणासाठी आसतीया तुमाला म्हाईत न्हाई? घरच्या लक्ष्मीला तसलं? तिला काय वाटंल, मी तिला कोण समजतो? न्हाईतर मी कुठं जाऊन आलो म्हणून?”

आणि नानांनी मान खाली घातली. तेव्हा मला कळलं. लाज एकच नव्हती. पलटणीत डॉक्टर ते पुडके वाटताना सांगायचे, बाहेर गेलात तर वापरा. कुणीही कधी सांगितलं नाही की घरी गेलात तर वापरा. त्यामुळं या सगळ्या जवानांच्या डोक्यात पक्कं बसलेलं की ही वस्तू वाईट बायांची. बायकोसमोर काढायची म्हणजे बायकोला शिवी. नानांच्या डोक्यात पण तेच. म्हणून तर त्याची छत्री केली.

दाजी गेले ते आले नाहीत. आत्याचा फोन आला शेजारच्या दुकानात, जावयाचा अपमान केला म्हणून रडली. आई माझ्याशी बोलेना. नाना माझ्याशी बोलेनात. कॉलेजात कुणीतरी पसरवलं आणि पोरं मला ‘माला-डी’ म्हणायला लागली, टीव्हीवर त्या गोळ्यांची जाहिरात लागते ना, तसं सूर लावून. मी एकाला फाईल फेकून मारली.

आणि आठवड्यानं सांगलीत कॉलेजच्या गेटवर राजदूत उभी. दाजी हँडल धरून उभे.

“ताई, डॉक्टरीण नक्की काय म्हणली?”

मी सगळं सांगितलं. जीप, पत्रा, रक्तानं भिजलेली चादर, थंडी. डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द. दाजी म्हणले, “मला तार आली. बाळ गेलं, क्रांती ठीक. मी म्हणलं, देवाची कृपा. मी तिकडं दोस्तांना म्हणलं, बायकू तरी ठीक हाय.”

“तिला विचारलं का कधी?”

“काय?”

“तिला काय पाहिजे ते.”

हातांकडं बघत राहिले. म्हणले, “आसलं कसं इचारायचं?” मी म्हणलं, तोंडानं. गाडीला किक मारून गेले. मला वाटलं, हे पण गेलं.

सुट्टी संपत आली की जावयाला जेवायला बोलवायची आमच्यात रीत आहे. भांडण असलं तरी बोलवायचं. नाना मला म्हणले, चल, माफी माग. मी म्हणलं, बोलवायला येते, माफी मागणार नाही. गेलो. अंगणात पाय ठेवला तर बायका गोळा झालेल्या, दाजींची काळी ट्रंक उन्हात उघडी, वर्दी दोरीवर. साळूबाईंनी कपड्यांना ऊन द्यायला म्हणून ट्रंक काढली होती आणि त्यांच्या हातात निरोधची पाकिटं. दाजी भिंतीला टेकून, मान खाली. क्रांती दारात.

“बघा वो बायांनू, माझा ल्योक. कुण्या बाईच्या नादाला लागलाय. म्हणून घरात पाळणा हलंना.” मग साळूबाईंना नाना दिसले. “आवं हवालदार, बरं झालं आला. तुमी मिल्ट्रीतलं हाय. तुमीच सांगा ह्या समद्यांस्नी, ही कशासाठी आसत्यात.”

मी नानांकडं बघितलं. गिरणीत ऐकू जाणारा आवाज, कुठं गेला कुणास ठाऊक.

आणि दारातून क्रांती म्हणाली, “माझी हायत ती.”

साळूबाई वळल्या. “काय?”

“माझी हायत. ह्यांनी इचारलं, मी आणा म्हणलं. मला मरायचं न्हाई, आत्याबाई.”

ओरडली नाही, रडली नाही. मीठ संपलंय म्हणावं तसं म्हणाली. अंगणात बायका उभ्या होत्या, त्यांच्यातल्या एकीनं पदर तोंडाला लावला. मला आधी वाटलं हसतेय. हसत नव्हती.

आणि मग नाना. टाच जुळवली, छाती पुढं काढली आणि अंगणाच्या मधोमध उभं राहून, सिग्नल वाचून दाखवावा तसं, समोर कुणाकडंच न बघता म्हणले, “साताऱ्याच्या डॉक्टरांचा हुकूम हाय. पेशंट क्रांती. तीन वर्षं पाळणा न्हाई. निरोध वापरायचा. न्हाई वापरला तर पेशंट वाचंल ह्याची हमी न्हाई. हुकूम संपला.”

मामा म्हणून बोलता आलं नाही. माणूस म्हणून नाही. हुकूम म्हणून आलं. पण आलं.

साळूबाई मटकन ओट्यावर बसल्या. मग त्यांनी जे विचारलं ते मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं. “आनि हा हुकूम कवाचा?”

“गेल्या सालचा.”

“मग साल झालं, तुमी काय करत हुता?”

नाना काय, व्हिडिओ गेम करत होतो म्हणून सांगणार? दाजी भिंतीलाच. मी एवढ्या रागात होते, साळूबाईंवर, दाजींवर, नानांवर, की साळूबाईंचा प्रश्न बरोबर आहे हे कळायला मला घरी येईपर्यंत वेळ लागला.

दाजी ड्युटीवर गेले. पुढच्या महिन्यात क्रांतीची पाळी वेळेवर आली, त्याच्या पुढच्या पण आली. साळूबाई तिच्याशी तोडून बोलतात, पण ट्रंकेला कुणी हात लावत नाही. गोष्ट चांगली संपली असं कुणी म्हणालं की मला परत चीड येते. एका पोरीनं मला मरायचं नाही हे अंगणात गावासमोर म्हणावं लागलं, याच्यात चांगलं काय आहे?

परवा क्रांती माधवनगरला आली. नानांनी पोरांना बाहेर काढलं आणि तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. म्हणले, बघ तरी काय केलंय ते. ती पदर खोचून बसली. बाई विहिरीपर्यंत गेली, परतताना पाळणा पडला, चुलीपाशी दुसरा पडला, बसली. क्रांती नानांकडं वळली.

“मामा, ही एवढी हळू का चालती?”

“तिच्या डोक्यावर हंडा हाय न्हवं.”

“मग हंडा त्या कोपऱ्यातल्या बाप्याच्या डोक्यावर द्या की.”

नानांनी डोकं खाजवलं. “प्रोग्राम समदा बदलावा लागंल.”

“बदला की मग,” क्रांती म्हणाली. “मी बसलीया हितंच.”